समजा, 'के' हा स्थिरांक आहे

बी.एस्सी.ला गणित घेतलं की कधीतरी 'ऑर्डिनरी डिफरन्शिअल इक्वेशन्स' नावाचा पेपर समोर येतो. मराठीत याला अवकल समीकरणं म्हणतात, पण वर्गात तसं कुणी म्हणत नाही. तिथे 'डीई' किंवा 'ओडीई' एवढंच चालतं. पेपर गडचिरोलीत शिका, चंद्रपुरात शिका, नाहीतर थेट पुण्यात शिका, क्रम साधारण सारखाच असतो. आधी व्हेरिएबल्स वेगळे करायचे, मग एक्झॅक्ट, मग लिनियर आणि इंटिग्रेटिंग फॅक्टर, मग बर्नुली, मग दुसऱ्या ऑर्डरची समीकरणं. उदाहरणंही ठरलेली आहेत: गार होत जाणारा चहा, स्प्रिंगला टांगलेलं वजन, मिठाच्या पाण्याची टाकी. आणि जवळपास प्रत्येक उदाहरणात एक वाक्य हमखास असतं: समजा, 'के' हा स्थिरांक आहे.

परीक्षेत हे वाक्य फार सोयीचं असतं. 'के' बाजूला काढायचा, इंटिग्रेशन करायचं, शेवटी 'सी' मिळवायचा, मार्क घ्यायचे. पण या विषयातली काही अत्यंत महत्त्वाची समीकरणं चहाच्या कपातून आलेली नाहीत. ती सिकंदराबादच्या हिवतापातून आणि मुंबईच्या प्लेगमधून आली आहेत. बल्लारशाहहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की काझीपेटमार्गे काही तासांत सिकंदराबाद येतं, इतकं ते जवळ आहे. आणि हिवताप म्हणाल तर तो गडचिरोलीच्या घरातलाच आहे. त्या समीकरणांचा इतिहास वाचला की 'के'कडे पाहायची नजर बदलते.

मामा तलावाचं गणित

आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू. ज्यांचा गणिताशी संबंध दहावीनंतर तुटला, त्यांनीही घाबरायचं कारण नाही.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात गावोगाव मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळापासून बांधले गेलेले हे तलाव धानाच्या शेतीचा आधार होते. अशा एका तलावात आज किती पाणी आहे, हा साध्या अंकगणिताचा प्रश्न झाला. पण पाणी किती वेगाने बदलतंय, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर एका ओळीत लिहिता येतं:

पाणी बदलण्याचा दर = येणारं पाणी − जाणारं पाणी

हेच अवकल समीकरण. त्यात 'किती आहे' हे दिलेलं नसतं, 'कसं बदलतं' याचा नियम दिलेला असतो. त्या नियमावरून आणि आज पाणी किती आहे यावरून पुढच्या प्रत्येक दिवसाचं पाणी काढायचं, म्हणजे समीकरण सोडवायचं. पाठ्यपुस्तक पुढे म्हणतं, जाणारं पाणी हे असलेल्या पाण्याच्या 'के' पट आहे असं समजा.

खऱ्या तलावात मात्र त्या 'के'मध्ये बरंच काही दडलेलं असतं. गाळ किती साचलाय, बांध कुठे झिरपतो, पाटाचा दरवाजा कुणाच्या हातात आहे, पाणी वाटपाचा निर्णय कोण घेतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. पुढे अनेक तलावांत गाळ साचत गेला, पाणी साठवायची ताकद घटली. समीकरण तेच राहिलं, 'के' मात्र बदलला. तो बदलला तो निसर्गामुळे कमी आणि कारभारामुळे जास्त.

दोन शून्यांचा भागाकार

बदलाचा दर मोजायची ही कल्पना मराठी मुलखाला परकी नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ग्रहांच्या 'तात्कालिक गती'चा विचार केला होता, म्हणजे दिवसाची सरासरी गती न घेता त्या क्षणाची गती काढायची. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या देवळातला १२०७ चा शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने तिथे मठ काढला होता.

न्यूटन-लायब्निझचं कॅल्क्युलस मराठीत आणायचा प्रयत्नही लवकरच झाला. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्याला पत्रकार म्हणून ठाऊक असतात. ते एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवत आणि त्यांच्या नावावर 'शून्यलब्धिगणित' नावाचं पुस्तक आहे. लब्धी म्हणजे भागाकाराचं उत्तर. डीवाय बाय डीएक्स म्हणजे शून्यापर्यंत लहान होत जाणाऱ्या दोन संख्यांचा भागाकार, हे त्या एका शब्दात येतं. जांभेकर १८४६ मध्ये वारले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. शब्द मागे पडला. पुढे अवकलन, विकलन असे शब्द आले आणि आज बहुतेक मुलं 'डेरिव्हेटिव्ह' म्हणून मोकळी होतात. त्यात वाईट काही नाही. पण हे गणित मराठीत सांगता येत नाही असं कुणी म्हणालं, तर ते जवळपास दोनशे वर्षांपूर्वी सांगितलं गेलंय हे ठाऊक असावं.

एका डासाला एक आणा

आता तापाकडे येऊ. रोनाल्ड रॉस हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. जन्म अल्मोड्याचा, १८५७ चा. औषधापेक्षा कवितेत आणि गणितात जास्त रमणारा. १८९७ च्या ऑगस्टमध्ये तो सिकंदराबादला हिवतापाचा जंतू डासात सापडतो का ते शोधत होता. हुसेन खान नावाच्या एका रुग्णाला त्याने डास चावून घ्यायला तयार केलं आणि दर डासामागे एक आणा दिला. २० ऑगस्टला त्यातल्या एका डासाच्या पोटाच्या भिंतीत त्याला जंतूची वाढ होताना दिसली. पुढच्या वर्षी कलकत्त्याला पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्याने पूर्ण साखळी जोडली. १९०२ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. रॉसची खरी भांडणं यानंतर सुरू झाली. डासामुळे ताप येतो तर डास कमी करा, असं तो म्हणायचा. त्यावर लोक विचारायचे, सगळे डास कोण मारणार? लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत १९०२ पासून काही वर्षं डास हटवायचा प्रयोग झाला आणि तो फसला असा निष्कर्ष निघाला. रॉसचं म्हणणं होतं की प्रयोगच नीट झालेला नाही, डास आधी किती होते आणि नंतर किती उरले हेच मोजलेलं नाही.

वाद शब्दांनी मिटत नाही म्हटल्यावर त्याने समीकरणं मांडली. आधी १९०८ मध्ये मॉरिशसच्या अहवालात, मग 'द प्रिव्हेन्शन ऑफ मलेरिया' या पुस्तकाच्या १९११ च्या आवृत्तीत. ती दोन जोडसमीकरणं शब्दांत अशी:

आजारी माणसं वाढण्याचा दर = दूषित डासांच्या चाव्याने नव्याने आजारी पडणारे − बरे होणारे

दूषित डास वाढण्याचा दर = आजारी माणसाला चावून दूषित होणारे − मरणारे

पहिल्यात डास आहेत, दुसऱ्यात माणसं आहेत. दोन्ही एकमेकांत अडकलेली, म्हणून दोन्ही एकत्रच सोडवावी लागतात. मामा तलावाच्या समीकरणाचीच ही थोडी गुंतागुंतीची बहीण.

ती सोडवल्यावर रॉसला जे दिसलं ते त्याच्या टीकाकारांना अनपेक्षित होतं. हिवताप संपवायला सगळे डास मारावे लागत नाहीत. डासांची संख्या एका उंबरठ्याखाली नेली की पुरे, पुढे रोग आपोआप ओसरतो. साधं गणित करू. समजा, एक रुग्ण बरा होईपर्यंत डासांमार्फत सरासरी १.२ जणांना ताप देतो. दहा रुग्णांचे बारा होतील, बाराचे चौदा, आणि अशा दहा फेऱ्यांनंतर सुमारे ६२. आता तोच आकडा ०.८ वर आणा. दहाचे आठ, आठाचे साडेसहा, आणि दहा फेऱ्यांनंतर जेमतेम एक. १.२ आणि ०.८ यांत फरक थोडाच दिसतो, पण मध्ये एक हा उंबरठा आहे. कोरोनाच्या काळात मोबाइलवर रोज ज्याची चर्चा चालायची तो 'आर' हाच.

मुंबईचे एकतीस आठवडे

१९०१ मध्ये रॉस जहाजाने पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनला गेला, तेव्हा त्याच्यासोबत अँडरसन मॅकेंड्रिक नावाचा तरुण डॉक्टर होता. रोगांकडे गणिताने पाहायची गोडी त्याला रॉसमुळे लागली. मॅकेंड्रिकनेही इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी केली, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं आणि नंतर तो एडिंबरोला परतला. तिथे त्याला विल्यम करमॅक हा रसायनशास्त्रज्ञ भेटला. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात करमॅकची दृष्टी गेली होती. वय होतं २६. या दोघांनी मिळून १९२७ मध्ये साथीच्या रोगांवर जो निबंध लिहिला, तो आज या विषयातला सर्वांत प्रसिद्ध निबंध आहे. त्यातली समीकरणं डोळे गेलेल्या माणसाने बरीचशी मनातल्या मनात हाताळली असणार, हे वाचताना सारखं आठवत राहतं.

निबंधाचा प्रश्न साधा होता. साथ थांबते का? त्या काळी दोन उत्तरं प्रचलित होती. एक, लागण होऊ शकणारे सगळेच संपले म्हणून. दोन, जंतूची ताकद कमी झाली म्हणून. करमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी दाखवलं की यातलं काहीच घडलं नाही तरी साथ थांबू शकते. लोकांचे तीन गट करा: लागण न झालेले, आजारी, आणि बरे झालेले किंवा मेलेले. आजाऱ्यांची वाढ पहिल्या दोन गटांच्या गाठीभेटींवर अवलंबून असते. पहिला गट एका मर्यादेखाली गेला की आजाऱ्याला लागण द्यायला पुरेसे लोक भेटत नाहीत आणि साथ उतरणीला लागते. तेव्हाही न लागलेले लोक शिल्लक असतातच.

हे पडताळून पाहायला त्यांनी जी आकडेवारी घेतली ती मुंबईची होती. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने झालेले मृत्यू. त्यांच्या सूत्रानुसार साथीचा कळस सतराव्या आठवड्याच्या सुमाराला, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर येतो आणि तेव्हा आठवड्याला सुमारे ८९० मृत्यू दिसतात. आलेखावर सूत्राची वक्ररेषा आणि खऱ्या मृत्यूंचे ठिपके जवळजवळ एकमेकांवर बसतात. जगभरच्या विद्यापीठांत ही आकृती आजही दाखवली जाते.

मराठी वाचकाला मात्र त्या ठिपक्यांकडे नुसते ठिपके म्हणून पाहणं अवघड आहे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग उघडकीला आला. १० मार्च १८९७ ला पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये, प्लेगच्या नावाखाली घराघरांत झालेल्या जुलमाच्या रागातून, रँडचा खून झाला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात प्लेग येतो तो असा. गणिताच्या पुस्तकात तो येतो तो दहा वर्षांनंतरच्या एका सुबक वक्ररेषेच्या रूपात. दोन्ही पुस्तकं एकाच विद्यार्थ्याच्या दप्तरात असतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

आणि ती वक्ररेषा जितकी सुबक तितकी निर्दोष नव्हती. प्लेग मुळात उंदरांचा रोग, माणसाकडे येतो पिसवांमार्फत. माणसातली साथ ही उंदरांतल्या साथीचं प्रतिबिंब आहे असं करमॅक-मॅकेंड्रिकनी गृहीत धरलं होतं आणि समीकरणातले स्थिरांक वर्षभर स्थिर राहतात असंही. आपलं हे गृहीतक अगदी काटेकोर खरं नाही, हे त्यांनीच लिहून ठेवलं. पण मुंबईत प्लेग वर्षानुवर्षं ठरावीक मोसमात चढायचा आणि उन्हाळा-पावसाळ्याच्या सुमाराला उतरायचा. अलीकडच्या गणितज्ञांनी हाच मुद्दा पुढे करून दाखवलं की ऋतूप्रमाणे बदलणारे स्थिरांक घेतल्याशिवाय मुंबईचा प्लेग नीट समजत नाही. रेषा ठिपक्यांवर बसली म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. या पेपरातला हा सगळ्यांत उपयोगी धडा असेल, आणि तो इंटिग्रेशनच्या पानावर सापडत नाही.

दहा दिवस जगणारा डास

रॉसचं समीकरण पुढे नेलं जॉर्ज मॅकडॉनल्डने, १९५० च्या दशकात. त्याने एका साध्या गोष्टीवर बोट ठेवलं. रुग्णाला चावलेला डास लगेच रोग पसरवत नाही. जंतू डासाच्या अंगात वाढून तयार व्हायला साधारण दहा दिवस लागतात. तेवढे दिवस डास जगला तरच तो धोक्याचा.

समजा, रोज १०० पैकी ९० डास जगतात. दहा दिवसांनी १०० पैकी ३५ उरतात. रोज ८० जगत असतील तर दहा दिवसांनी ११. रोज ७० जगत असतील तर ३. म्हणजे डासाचं रोजचं जगणं थोडंसं अवघड केलं की धोकादायक डास झपाट्याने कमी होतात. डबकी बुजवण्यापेक्षा घराच्या भिंतीवर फवारणी का, याचं उत्तर या हिशेबात आहे. रक्त पिऊन डास भिंतीवर विसावतो, तिथेच औषध लागून मरतो. आजची औषध लावलेली मच्छरदाणीही याच तत्त्वावर चालते.

भारताने १९५३ मध्ये डीडीटी फवारणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याआधी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता. साठच्या दशकात रुग्ण लाखाच्या आसपास आले. निर्मूलन झालंच असं वाटू लागलं. मग डास डीडीटीला दाद देईनासे झाले, पैसा आणि लक्ष दोन्ही कमी पडलं, आणि १९७६ मध्ये रुग्णांचा आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. डासाचा मृत्युदर हा स्थिरांक आहे असं धरून आखलेली मोहीम, आणि डासाने तो स्थिरांकच बदलून टाकला.

भामरागडचा 'के'

राज्यातल्या हिवतापाच्या यादीत गडचिरोली वर्षानुवर्षं अगदी वरच्या ओळीत असतं. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे. २०११ च्या जनगणनेनुसार १४,४१२ चौरस किलोमीटरमध्ये पावणेअकरा लाखांच्या आत लोक राहतात. जंगल, ओढे, पाऊस, म्हणून हिवताप, असं म्हणून बहुतेक लोक थांबतात. रॉसचं समीकरण हातात असेल तर तिथे थांबता येत नाही, कारण त्यात डासांखेरीज इतर पदंही आहेत.

'बरे होण्याचा दर' घ्या. पुस्तकात तो एक अक्षर आहे. एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर तो कशाचा बनलेला असतो? ताप आल्यापासून रक्त तपासेपर्यंत किती दिवस गेले, याचा. पूर्वी रक्ताची काचपट्टी गावातून प्राथमिक आरोग्य केंद्रात जायची, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जायची आणि निकाल परत यायचा. तितके दिवस रुग्ण डासांना जंतू पुरवत राहायचा. आज आशाताईच्या पिशवीत झटपट तपासणीचं किट असतं आणि निदान काही मिनिटांत होतं. गणिताच्या भाषेत, त्या पिशवीने एक गुणक बदलला.

पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. हिवतापाचा मोसमही त्याच सुमाराचा. म्हणजे डास वाढतात तेव्हाच बरे होण्याचा दर घसरतो. समीकरणाची दोन्ही पदं एकाच वेळी वाईट दिशेला जातात. नदीवरचा पूल हे बांधकाम खात्याचं काम आहे, पण तो रॉसच्या समीकरणातलाही एक आकडा आहे. १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्या दवाखान्याने केलं तेही हेच, रुग्ण आणि औषध यांतलं अंतर कमी केलं.

'चाव्याचा दर' घ्या. मच्छरदाणी घरात आहे, पण धान राखायला माणूस शेतातल्या माचीवर झोपतो. भिंतीवर फवारणी झाली, पण सणाला घर नव्याने सारवलं की औषध मातीखाली जातं. यात कुणाचा अडाणीपणा शोधायचं कारण नाही. माणसं पूर्वापार अशीच राहत आलीत आणि समीकरणाला त्यांच्या राहण्याची माहिती नाही, एवढंच. माडिया-गोंडी बोलणाऱ्या गावात गोळ्यांचा पूर्ण कोर्स का घ्यायचा हे फक्त मराठीत सांगितलं, तर त्याचाही परिणाम कुठल्यातरी गुणकावर होतोच.

सुरुवातीची अट

अवकल समीकरण सोडवायला नियमाइतकीच दुसरी एक गोष्ट लागते, सुरुवातीची अट. आज तलावात पाणी किती? आज रुग्ण किती? हा आकडा चुकला की पुढचं सगळं अचूक गणित अचूकपणे चुकतं.

हा आकडा कुणीतरी चालत जाऊन आणलेला असतो. मुंबईतले ते ठिपके कुणीतरी मृत्यूंच्या नोंदवहीतून मोजले होते. दुर्गम भागात नोंद न झालेला मृत्यू आकड्यात येत नाही आणि मग कागदावर परिस्थिती बरी दिसते. गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदींत प्रत्यक्षापेक्षा फार कमी दिसतात हे समोर आणलं. तो विषय हिवतापाचा नव्हता, पण मुद्दा हाच होता: आधी नीट मोजा.

चंद्रपूरकर आता विचारतील, आमचा वाघ कुठे आहे? तोही या पेपरात आहे. १९२० च्या दशकात आल्फ्रेड लोटका आणि व्हितो व्होल्टेरा यांनी शिकारी आणि भक्ष्य यांची जोडसमीकरणं मांडली. व्होल्टेरासमोर प्रश्न माशांचा होता: पहिल्या महायुद्धात ॲड्रियाटिक समुद्रातली मासेमारी घटली, तेव्हा बाजारात शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण का वाढलं? भक्ष्य वाढलं की शिकारी वाढतो, शिकारी वाढला की भक्ष्य घटतं, मग शिकारीही घटतो, असं चक्र त्यातून निघतं. वर्गात शार्कच्या जागी वाघ आणि चितळ घालून ताडोब्याचं उदाहरण सहज करता येतं. फक्त मूळ समीकरणात दोनच पात्रं आहेत. पहाटे मोहफुलं वेचायला आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला जंगलात जाणारी बाई त्यात नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाचा प्रश्न म्हणजे मुख्यतः तिचाच प्रश्न आहे. तिसरं पद जोडल्याशिवाय ते उदाहरण चंद्रपूरचं होत नाही, ताडोब्याच्या जाहिरातीचं होतं.

पेपर घराजवळ आला

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. इथल्या कॉलेजांवर तोपर्यंत आणि नंतरही बरीच वर्षं नागपूर विद्यापीठाचा शिक्का होता. २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठी गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ सुरू झालं. त्यामुळे मार्कशीटसाठी नागपूर गाठायची गरज कमी झाली, हा झाला एक फायदा. दुसरा फायदा अजून पुरता घेतला गेलेला नाही. विद्यापीठ ज्या जमिनीवर उभं आहे, तिथेच या पेपराची सर्वांत जिवंत उदाहरणं आहेत.

स्प्रिंग आणि चहा सोडून द्यावेत असं नाही. इंटिग्रेटिंग फॅक्टर यायलाच हवा, परीक्षाही द्यायची आहे. पण ज्या वर्गात निम्म्या मुलांना स्वतःला किंवा घरात कुणाला तरी हिवताप होऊन गेलाय, तिथे रॉसची दोन समीकरणं फळ्यावर यायला काही हरकत नसावी. ती मांडायला बारावीचं कॅल्क्युलस पुरतं. आपल्या तालुक्यातले महिनावार रुग्ण घ्यायचे, पावसाचे आकडे घ्यायचे आणि रेषा बसते का पाहायचं. बहुधा बसणार नाही. मग का बसत नाही हे शोधायला दवाखान्यात, आशाताईकडे, शेतातल्या माचीवर जावं लागेल. रॉसला हुसेन खान लागला होता, गणितज्ञांना मुंबईचे कारकून लागले. इथल्या मुलांना तर त्यासाठी फक्त सुट्टीत घरी जायचंय. तिथली भाषा त्यांना येते, पाडा कुठे आहे ते ठाऊक असतं, आणि पूर आला की कोणती वाट बंद होते हेही.

पुढच्या वेळी पुस्तकात 'समजा, के हा स्थिरांक आहे' असं आलं, तर गणित पूर्ण करा आणि मार्क घ्या. मग वहीच्या समासात एक प्रश्न लिहून ठेवा: हा कुणी मोजला, कुठे मोजला, आणि आमच्या गावात तो किती आहे?